पाय वाचल्यानंतर

हाडांचा कर्करोग बहुधा वाढत्या वयात, आणि अनेकदा गुडघ्याजवळच उद्भवतो. १९७० च्या दशकापर्यंत पाय कापणे हाच त्यावर मुख्य उपाय होता. प्रभावी केमोथेरपी आल्यावर रोगग्रस्त हाड काढून तेथे धातूचा सांधा बसविणे शक्य झाले. परंतु सांधा बसला म्हणजे पाय चालू लागला, असे नव्हे.

‘शेजारच्या खाटेवरील मुलगा गुडघा वाकवू लागला, आमच्या मुलाचा पाय अजून सरळच का?’ असे पालक आम्हांस काळजीने विचारतात. मांडीच्या हाडाचा खालचा भाग बदलला असल्यास गुडघा लवकर हलविता येतो. नडगीचा वरचा भाग काढल्यास मात्र गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध नव्याने जोडावा लागतो. तो धरेपर्यंत साधारण सहा आठवडे पाय आधारपट्टीत सरळच ठेवावा लागतो. पुढे मांडीच्या स्नायूंचे व्यायाम कित्येक महिने चालतात; त्यातच केमोथेरपीचा थकवा.

नेमके याच काळात, राहण्याजेवणाचा खर्च न झेपल्याने, कुटुंबे गावी परततात. गुडघा आखडतो, स्नायू दुबळे राहतात. सांध्यासाठी देणगी देणाऱ्यांनी या महिन्यांच्या निवासाचाही भार उचलावा, अशी आमची नम्र विनंती आहे.