सर्व्हरच्या पुनरारंभानंतर लोपणाऱ्या नोंदी

कुरखेड्यासारख्या वनप्रदेशातील गावी वीज अकस्मात जाऊन सर्व्हर पुन्हा सुरू झाला, म्हणजे डेटाबेसमधील माहिती शाबूत, परंतु तत्पूर्वीच्या घटनांचा लॉग नाहीसा, असा प्रकार संभवतो. यात विसंगती नाही. पोस्टग्रेसमध्ये व्यवहार पक्का होण्याआधी ‘वॉल’ ही पूर्वनोंद डिस्कवर उतरते; माहिती सावरते ती तिच्याच आधारे. घटनांच्या लॉगला हे संरक्षण नसते. तो लिनक्सच्या सिस्टिमडी-जर्नलकडे जात असेल आणि मूळ मांडणीत ‘/वार/लॉग/जर्नल’ ही डिरेक्टरीच नसेल, तर तो केवळ रॅममध्ये राहतो. डिरेक्टरी असली तरी सामान्य नोंदी ५ मिनिटांच्या अंतराने डिस्कवर पक्क्या होतात. अतिगंभीर तेवढ्या तत्काळ. म्हणून दोष डेटाबेसच्या माथी मारण्यापूर्वी प्रथम ही डिरेक्टरी पाहावी. ती नसल्यास जुन्या नोंदींचा शोध व्यर्थ होय.