वाहनाची रोजकीर्द : डॅश कॅमेऱ्याची निवड, जोडणी आणि जतन

छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ सुमारे तीस किलोमीटरवर आहे. आपल्या समाजातील कुटुंबांना हा रस्ता परका नाही. ३० ते ३४ क्रमांकांची जैन लेणी, डोंगरावरील भगवान पार्श्वनाथांचे मंदिर आणि पायथ्याचे गुरुकुल यांच्या दर्शनासाठी वर्षभर यात्रेकरूंची वाहने येथे येत असतात. याच रस्त्याने कन्नड, चाळीसगावकडे व्यापाऱ्यांचे टेम्पो आणि मालमोटारीही धावतात. दौलताबादजवळ जुन्या तटबंदीच्या अरुंद दरवाजातून वाहतूक जाते. पुढे घाटाची वळणे, खुलताबाद आणि पुन्हा वेरूळचा उतार. श्रावणात व महाशिवरात्रीला घृष्णेश्वराच्या भाविकांची गर्दी, पावसाळ्यात घाटातील धुके आणि उसाच्या हंगामात मागचा दिवा नसलेल्या ट्रॉल्या, असे या मार्गाचे ऋतुचक्र आहे.

अशा रस्त्यावर अपघात घडला की, चूक कोणाची, हा प्रश्न पाठोपाठ येतो. जमाव जमतो आणि मोठ्या वाहनाचा चालक दोषी ठरवून मोकळा होतो. पाहणारे पुष्कळ असतात, परंतु साक्ष देण्यास कोणी पुढे येत नाही. धडक देणारा पळून गेला, तर त्याच्या वाहनाचा रंगसुद्धा प्रत्येक जण वेगळा सांगतो. व्यवहारात तोंडी शब्दावर विसंबू नये, त्याच दिवशी रोजकीर्दीत नोंद करावी, हे आपल्या पेढ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या शिकवले गेले आहे. वाहनाची तशी रोजकीर्द म्हणजे डॅश कॅमेरा होय.

क्रमांकाचे मोल

पळून गेलेल्या वाहनाचा क्रमांक मिळणे वा न मिळणे यातील अंतर आकड्यांत पाहण्यासारखे आहे. वाहन अज्ञात राहिले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६१ अन्वये १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या योजनेत मृत्यूसाठी दोन लाख रुपये आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपये एवढीच ठरावीक भरपाई मिळते. वाहनाची ओळख पटली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे दावा दाखल करता येतो आणि मृताचे वय, उत्पन्न व त्याच्यावर अवलंबून असणारी माणसे विचारात घेऊन भरपाई ठरते. घरातील कर्ता पुरुष गेला असेल, तर या दोन रकमांत कित्येक पटींचा फरक पडू शकतो.

आपल्यासाठी या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. चातुर्मास संपला की साधू-साध्वींचे विहार सुरू होतात. पायी चालणाऱ्या संघाला भरधाव वाहनाने धडक दिल्याच्या आणि वाहन निघून गेल्याच्या वार्ता आपण वारंवार वाचतो व हळहळतो. विहारासोबत सेवेसाठी वाहन देणारी अनेक कुटुंबे आपल्यात आहेत. संघाच्या मागून चालणाऱ्या या वाहनाला धोका पाठीमागून असतो. म्हणून त्यात केवळ पुढे पाहणारा कॅमेरा पुरेसा नाही. मागील काचेवरही कॅमेरा हवा. मागून येणारे वाहन आणि पुढे गेल्यावर त्याची क्रमांकपट्टी, दोन्हींची नोंद होण्याची शक्यता त्यामुळे वाढते. चकाकणारी जाकिटे, लुकलुकणारे दिवे आणि सोबत चालणारे स्वयंसेवक यांची जागा कॅमेरा घेऊ शकत नाही. तो अपघात टाळत नाही, हे कोणीही विसरू नये.

निवड करताना

बाजारात तीन हजार रुपयांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंतचे कॅमेरे आहेत. जाहिरातीतील वैशिष्ट्ये मोजण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा : घाटात, पावसात किंवा रात्री समोरच्या वाहनाचा क्रमांक वाचता येईल का?

पहिली बाब चित्राच्या स्पष्टतेची. १०८० पिक्सेलचा कॅमेरा दिवसा जवळच्या वाहनासाठी ठीक असतो. १४४० पिक्सेल किंवा ‘फोर-के’ प्रतीचा कॅमेरा थोड्या अधिक अंतरावरूनही पट्टी टिपतो. परंतु केवळ पिक्सेलवर भुलू नये. भिंगाचा कोन फार रुंद असेल, तर दृश्य पुष्कळ मावते, मात्र प्रत्येक वस्तू लहान दिसते. १२० ते १४० अंशांचा कोन बहुतेकांना सोयीचा पडतो. उजेड आणि अंधार एकाच चौकटीत सांभाळण्याची क्षमता, जिला ‘डब्ल्यूडीआर’ म्हणतात, ती आवर्जून पाहावी. दरवाजाच्या कमानीतून एकदम उन्हात येताना किंवा रात्री समोरून प्रखर दिवे आल्यावर हीच क्षमता उपयोगी पडते. विक्रेत्याकडे रात्रीचे चित्रण दाखवण्याचा आग्रह धरावा.

दुसरी बाब उष्णतेची. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो. लेणी पाहून, डोंगर चढून परत येईपर्यंत वाहन तीन-चार तास उन्हात उभे राहते आणि बंद काचांच्या आत तापमान कितीतरी वाढते. लिथियम बॅटरी असलेले कॅमेरे अशा उष्णतेत फुगतात किंवा बंद पडतात. त्यांऐवजी ‘सुपर कपॅसिटर’ असलेला कॅमेरा घ्यावा. किमतीत थोडा फरक पडला, तरी आपल्या हवामानात तो सार्थकी लागतो.

तिसरी बाब मेमरी कार्डाची. कॅमेरा सतत लिहीत असतो आणि कार्ड भरले की सर्वांत जुने चित्रण पुसून नवे नोंदवतो. मोबाइलमधील साधे कार्ड हा भार फार काळ सोसत नाही. ‘हाय एन्ड्युरन्स’ असे लिहिलेले कार्डच घ्यावे. १०८० पिक्सेलच्या एका कॅमेऱ्याला मिनिटाला सुमारे १०० मेगाबाइट जागा लागते, असे धरले, तर ६४ जीबीचे कार्ड नऊ-दहा तासांत भरते. कॅमेरे दोन असतील, तर हा काळ निम्म्यावर येतो. मालवाहतुकीच्या लांबच्या फेऱ्यांसाठी १२८ किंवा २५६ जीबीचे कार्ड योग्य.

‘जी-सेन्सर’ हा धक्का ओळखून त्या क्षणाचे चित्रण कुलूपबंद करतो, म्हणजे नंतर ते पुसले जात नाही. ‘जीपीएस’मुळे चित्रणावर ठिकाण व वेग उमटतो. या शेवटच्या सोयीविषयी काही जण साशंक असतात. वेग उमटला, तर तो आपल्याविरुद्धही जाईल, अशी त्यांची भीती असते. ती खरी आहे. समृद्धी महामार्गावर मोटारीची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे आणि कोणी १४०ने जात असेल, तर कॅमेरा तेही लिहील. मात्र जमा तेवढी लिहिणारी आणि नावे टाकणे वगळणारी रोजकीर्द कोणता तपासनीस मान्य करील?

जोडणी

कॅमेऱ्याची उत्तम जागा म्हणजे समोरच्या काचेवर, आतील आरशाच्या मागे, चालकाच्या शेजारच्या आसनाकडील बाजूस. तेथे तो चालकाच्या दृष्टीआड येत नाही. भिंग वायपर पुसतो त्याच भागासमोर असावे, नाहीतर पावसाळ्यात केवळ थेंबच चित्रित होतील. काचेच्या वरच्या कडेची रंगीत पट्टी व पावसाचे सेन्सर टाळावेत. काच स्वच्छ पुसून, कोरडी करूनच चिकटपट्टी दाबावी.

वीजजोडणी दोन प्रकारांनी होते. चार्जरच्या खाचेतून वीज घेणे सोपे आहे. वाहन बंद झाले की बहुतेक मोटारींत कॅमेराही बंद होतो. वाहन उभे असतानाही नोंद हवी असेल, तर फ्यूज बॉक्समधून जोडणी करावी लागते. तेथे ‘फ्यूज टॅप’ वापरून घेण्याचा आग्रह धरावा. मूळ तारा कापून जोड दिल्यास वॉरंटीचा प्रश्न उद्भवू शकतो आणि सैल जोड ठिणगीला निमंत्रण देतो. बॅटरीचा दाब ठरावीक मर्यादेखाली गेल्यावर वीज तोडणारे साधन सोबत असावे. अन्यथा दिवसभराच्या यात्रेनंतर गाडी सुरूच होणार नाही. मालमोटारीची विद्युतप्रणाली बहुधा २४ व्होल्टची असते. कॅमेरा व त्याचा जोडसंच तेवढ्या दाबाला चालतो की नाही, हे आधी पाहावे.

वायर छताच्या अस्तरातून नेऊन बाजूच्या खांबातून खाली उतरवतात. अनेक मोटारींत याच खांबात एअरबॅग असते. वायर तिच्यावरून न नेता मागून न्यावी लागते. हे काम अनुभवी वाहन-इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे.

जोडणी होताच कॅमेऱ्याचे घड्याळ लावावे. जीपीएसवरून वेळ घेणाऱ्या कॅमेऱ्यात भारताचा कालविभाग निवडला नाही, तर चित्रणावरील वेळ साडेपाच तास मागे राहते. दुपारचा अपघात सकाळचा दिसला, तर विरुद्ध पक्षाचा वकील नेमके त्यावरच बोट ठेवील.

पुरावा म्हणून जतन

चित्रणातील वेळेला केवढे महत्त्व येऊ शकते, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या जालन्याचे आहे. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज मुदतीनंतर, म्हणजे दुपारी तीननंतर, सादर झाले की काय, असा वाद उभा राहिला. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रण त्यात पुराव्यादाखल आले. औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या या प्रकरणात, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलाश कुशनराव गोरंट्याल, १४ जुलै २०२० रोजी निकाल झाला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत सादर करायची असेल, तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यक आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. मूळ उपकरणाच्या मालकाने ते स्वतः न्यायालयात हजर करून शाबीत केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही, हेही सांगितले.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३मध्ये प्रमाणपत्राची ही अट कायम आहे. त्याचा नमुना दोन भागांचा आहे : एक भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरायचा असतो. त्यात फाइलचे ‘हॅश’ मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलवरून संगणकाने काढलेली अक्षर-अंकांची खूण. फाइलमध्ये एका बिंदूचा बदल झाला, तरी ही खूण बदलते. लखोट्यावरील लाखेच्या मोहरेसारखे तिचे काम आहे.

म्हणून अपघातानंतरचा क्रम घरातील प्रत्येक चालकाला माहीत असावा. सर्वप्रथम जखमीला मदत. कलम १३४ अन्वये ते चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे आणि धर्माने तर ते आधीच सांगितले आहे. नंतर पोलीस व विमा कंपनी यांना कळवावे. मग कॅमेऱ्यावरील कुलुपाची कळ दाबून चित्रण सुरक्षित करावे आणि कॅमेरा बंद करून कार्ड काढावे. ते पाकिटात घालून वर दिनांक, वेळ व वाहन क्रमांक लिहावा. संगणकावर प्रत घ्यावी, परंतु मूळ फाइल कापू नये, तिचे नावही बदलू नये. व्हॉट्सॲपवरून पाठवलेले चित्रण दाबले जाऊन त्याची प्रत घसरते आणि हॅशही बदलते. ते मूळ पुराव्याची जागा घेत नाही. पोलिसांना कार्ड दिले, तर पोच घ्यावी. जखमींचे चित्रण समाजमाध्यमांवर टाकणे तर सर्वथा वर्ज्य मानावे.

आणि चित्रणात आपलीच चूक दिसली तर? पुरावा म्हणून हजर करावी लागेल अशी नोंद ती हजर होऊ नये म्हणून नष्ट करणे, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २४१ अन्वये गुन्हा आहे. कायद्याच्या आधी आपले सत्याणुव्रत आहे. रोजकीर्दीत खाडाखोड चालत नाही, मग येथे कशी चालेल? विमा असतोच तो चुकीची भरपाई व्हावी म्हणून. चूक लपवण्यासाठी नव्हे.

नोंदीची शिस्त

वेरूळच्या डोंगरावरील पार्श्वनाथ मूर्तीच्या लेखात शके ११५६ हा काळ आणि वर्धनापूरच्या चक्रेश्वर या दात्याचे नाव कोरलेले आहे. केव्हा, कोठे आणि कोणी, ही तीन उत्तरे दगडावर राहिली, म्हणून आठशे वर्षांपूर्वीचे ते दान आज निःसंशय सांगता येते. आपल्या कॅमेऱ्याकडूनही हीच तीन उत्तरे हवी असतात.

ती मिळत राहावीत यासाठी फार कष्ट नाहीत. चतुर्दशी बहुतेक घरांत लक्षात असते. त्या दिवशी पाच मिनिटे द्यावीत : भिंग व काच पुसावी, घड्याळ तपासावे, कालचे चित्रण उघडून क्रमांक वाचता येतो का पाहावे, जपून ठेवण्याजोगे काही नसेल तर कार्ड कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करावे. नोकरीवरील चालकाला कॅमेरा आणि त्यातील ध्वनिमुद्रण यांची पूर्वकल्पना द्यावी. ही त्याच्यावरची पाळत नसून, खोट्या आरोपापासून त्याचेही संरक्षण आहे, हे समजावून सांगावे.

चालताना पुढची चार हात भूमी पाहून पाऊल टाकावे, अशी ईर्यासमिती साधूंसाठी सांगितली आहे. श्रावकाच्या हाती चाक असताना तिचा भाव एवढाच की, वाटेवरील प्रत्येक जीव आधी दिसावा आणि आपला वेग त्या दिसण्याच्या आत राहावा. असे वाहन चालवणाऱ्याला कॅमेऱ्यातील चित्रण कधी काढावे लागले, तर ते न्यायालयात ठेवताना त्याचा हात कचरणार नाही.