चढ दमवतो, उतार शिकवतो

साताऱ्यात समर्थ मंदिराजवळून रस्ता वर वळला की यवतेश्वरचा घाट लागतो आणि पुढे थेट कास पठार. अंतर साधारण २५ किलोमीटर, उंचीतला फरक साडेचारशे मीटरच्या आसपास. नव्या सायकलस्वाराला धास्ती असते ती चढाची. पण चढाला दम आणि हलका गिअर पुरतो. ऋतूगणिक नव्याने शिकावं लागतं ते उतरायला.

सगळ्यात फसवा जूनचा पहिला पाऊस. उन्हाळाभर रस्त्यावर साचलेलं तेल आणि धूळ ओली होते आणि डांबर साबणासारखं निसरडं होतं. दोन-चार दणदणीत सरींनी रस्ता धुऊन निघेपर्यंत घाटात न गेलेलंच बरं. जुलै-ऑगस्टमध्ये धुकं उतरतं, सावलीतल्या कडांना शेवाळ धरतं. रिम ब्रेक असलेल्या सायकलीत ओल्या रिमवर ब्रेकचं रबर आधी पाणी पुसतं, मगच पकड घेतं. तेवढ्यात सायकल चार हात पुढे गेलेली असते. म्हणून वळण यायच्या बरंच आधी ब्रेक हलकेच दाबून रिम पुसून घ्यावी, वेग सरळ रस्त्यावरच कमी करावा. टायरमध्ये हवाही नेहमीपेक्षा थोडी कमी ठेवावी. मागचा लाल दिवा भर दिवसाही चालू हवा.

सप्टेंबरात कास फुलतं. पश्चिम घाटासोबत २०१२ साली जागतिक वारशात गेलेलं हे पठार पाहायला गाड्यांची रीघ लागते. तेव्हा सायकल आडवारी काढावी, तीही उजाडताच.

हिवाळ्यात धोका घामाचा. चढताना अंग भिजतं आणि उतरताना तोच घाम वाऱ्याने बर्फासारखा लागतो. बोटं बधिर झाली की ब्रेक किती दाबला जातोय ते कळेनासं होतं. त्यावर जुना, बिनखर्चाचा उपाय आहे: वर पोचल्यावर वर्तमानपत्राची घडी जर्सीच्या आत छातीवर सरकवायची. वारा अडतो, अंग गरम राहतं. हातमोजे मात्र पूर्ण बोटांचेच हवेत.

एप्रिल-मे महिन्यांत उन्हं चढायच्या आत खाली यावं. उतारभर ब्रेक दाबून धरला तर रिम तापते, आतली ट्यूब फुटूही शकते. दाबा, सोडा, पुन्हा दाबा. पुढचा आणि मागचा, दोन्ही वापरा. वाटेत करवंदाच्या जाळीपाशी थांबलात तर मूठभर करवंदं मिळतील आणि तेवढ्यात रिमही निवेल.

ऋतू कोणताही असो, घाट चढण्याआधी खाली सपाटीवर सायकल उभी करून ब्रेकची रबरं एकदा बघा. झिजली असतील, तर त्या दिवशी गावातच फेरी मारा. घाट उद्याही तिथेच असेल.