जुन्या डेस्कटॉपवर कोणती ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची?



व्यवसाय सुरू करताना बरेच जण घरात पडून असलेला किंवा सेकंडहँड घेतलेला डेस्कटॉप कामाला लावतात. चांगलंच आहे, भांडवल वाचतं. पण विंडोज 10 चा मोफत सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि तेव्हापासून "सर, आता यावर काय टाकू?" हा प्रश्न सारखा येतोय. व्हिडिओत वेळेअभावी जे राहिलं, ते इथे लिहितो.

आधी आपलं मशीन ओळखा. सेटिंग्जमध्ये सिस्टीम आणि मग अबाउट उघडा. प्रोसेसर, रॅम, आणि सिस्टीम 32-बिट की 64-बिट, सगळं एकाच ठिकाणी दिसतं. समजा तिथे आय3-4130 लिहिलंय. डॅशनंतरचा 4 म्हणजे चौथी जनरेशन. विंडोज 11 ला इंटेलची आठवी किंवा त्यापुढची जनरेशन लागते (मोजके अपवाद सोडा), शिवाय टीपीएम 2.0, किमान 4 जीबी रॅम आणि 64 जीबी जागा. म्हणजे हे मशीन अधिकृतपणे बसत नाही.

"आमचा हार्डवेअरवाला टाकून देतो म्हणाला." टाकेल हो, तपासणी चुकवून टाकता येतं. पण अशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. आणि कोअर 2 ड्युओ असेल तर विषयच संपला, 24एच2 पासूनचं विंडोज 11 त्यावर सुरूच होत नाही.

आता मुख्य मुद्दा. सिस्टीम ठरवण्याआधी एक कागद घ्या आणि रोज लागणारी सॉफ्टवेअर, प्रिंटर, स्कॅनर सगळं लिहून काढा. कारण गाडी अडते ती इथेच. टॅली प्राइम विंडोजवर चालतं, तेही 64-बिट. डीटीपीचं काम असेल आणि श्री-लिपीत जुन्या फाइल्स असतील, तर विंडोज सोडायचा विचारसुद्धा करू नका. कंपनी किंवा एलएलपी असेल तर जीएसटी रिटर्नला डिजिटल सिग्नेचरचा टोकन लागतो, तोही विंडोजवरच कमी त्रास देतो. प्रोप्रायटर असाल तर ओटीपीवर काम होतं, तिथे कुठलाही ताजा ब्राउझर पुरतो.

कागदावर यातलं काही असेल तर सध्या विंडोज 10 वरच राहा, पण वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करा. मायक्रोसॉफ्टने ही सोय घरगुती वापरकर्त्यांसाठी 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत जाहीर केली होती, आणि त्यासाठी 22एच2 आवृत्ती लागते. तेवढ्या वेळात नव्या मशीनचे पैसे बाजूला काढत जा. विंडोज 7 वर मात्र परत जाऊ नका. त्याचा सपोर्ट जानेवारी 2020 मध्येच संपला, आणि 2023 पासून त्यावर नवीन क्रोमसुद्धा येत नाही. त्याच मशीनवर बँकेचं लॉगिन करणार का तुम्ही?

कागदावर फक्त बिल, ईमेल, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि एक्सेलसारखं काम असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती बघा. मोफत आहे, कायदेशीर आहे, 2 जीबी रॅमवर सुरू होते, 4 जीबीवर बरी चालते. प्रोसेसर 64-बिट हवा. लिब्रेऑफिस आत असतंच. मराठी टायपिंग युनिकोडमध्ये होतं. सगळ्यात छान गोष्ट म्हणजे ती पेनड्राइव्हवरून, काहीही न पुसता चालवून बघता येते. दोन दिवस तशीच वापरा. वायफाय लागतंय का, आवाज येतोय का आणि मुख्य म्हणजे प्रिंट निघतेय का, ते तपासा. एचपीचे बरेच प्रिंटर सहज जोडले जातात. दुकानोदुकानी दिसणारा कॅननचा एलबीपी 2900 मात्र लिनक्सवर बराच छळतो.

आणि हो, काहीही टाका, जुनी हार्ड डिस्क असेल तर आधी एसएसडी बसवा. मशीन सुरू व्हायला लागणारी ती पाच मिनिटं बहुतेक वेळा डिस्कमुळे जातात, विंडोजमुळे नाही. काढलेली जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका, महिनाभर तशीच कपाटात ठेवा. टॅलीचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये होता, हे बऱ्याच जणांना ती पुसल्यावरच आठवतं.