तीन मिनिटांचं गाणं, ४५ आठ

नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत गणपतीच्या कार्यक्रमासाठी नावं लिहून घ्यायला सुरुवात झाली की काही वाक्यं हमखास कानावर पडतात. ‘माझ्या अंगात तालच नाही गं.’ ‘लहानपणी शिकले असते तर जमलं असतं.’ ‘एवढं सगळं लक्षात कसं राहायचं?’ हे म्हणणाऱ्या बायका आणि पुरुष हार्बर लोकलने रोज सव्वा-दीड तास जाऊन तेवढाच वेळ परत येतात आणि त्यावर घरही सांभाळतात. जिद्द त्यांच्याकडे भरपूर आहे. नाचाबद्दलची माहिती मात्र चुकीची आहे आणि तेवढ्यावरून ते मागे हटतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं. हॉलमधलं टीपॉय भिंतीला सरकवून गेली चार वर्षं मी पॉप गाण्यांचे अवघड नाच शिकते आहे. कुठल्या स्पर्धेसाठी नाही, निव्वळ हौस म्हणून.

आधी तालाचंच बोलू. हंगेरीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ड्रमचा ठेका ऐकवला आणि त्यांच्या मेंदूतल्या लहरी नोंदवल्या. ठेक्यातला मुख्य ठोका गाळला की बाळाच्या मेंदूला ते कळत होतं. खरोखर ताल न कळणारी माणसंही असतात, पण ती इतकी विरळ की २०११ मध्ये कॅनडात असा एक तरुण सापडला तेव्हा त्या एकट्यावर शोधनिबंध लिहिला गेला. १५ ऑगस्टला शाळेच्या पटांगणावर लेझीम खेळलेल्या माणसाने ‘मला ताल नाही’ म्हणू नये. आपली अडचण वेगळीच असते. गाण्यातला ‘एक’ कुठे पडतो हे कानाला सापडत नाही. मग आपण शब्दांवर नाचू लागतो आणि शब्द पुष्कळदा ठोक्याच्या आधी किंवा नंतर सुरू होतात. यावर उपाय म्हणजे हातपाय हलवण्याआधी गाणं निदान दहा वेळा नुसतं ऐकायचं आणि मनात एक ते आठ मोजायचं. पनवेलहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळाली की मी हेच करते.

‘एवढं लक्षात राहणार नाही’ या भीतीवर मी लोकांना हिशेबच मांडून दाखवते. पुष्कळ पॉप गाण्यांचा वेग मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास असतो. म्हणजे तीन मिनिटांत ३६० ठोके. नाचणारे आठ-आठचा काउंट धरतात, म्हणजे गाण्यात ४५ आठ झाले. ध्रुवपद तीनदा येतं आणि दरवेळी साधारण आठ आठांचं असतं, असं धरू. स्टेप्स त्याच असल्या तर १६ आठ वजा झाले आणि शिकायचे २९ उरले. रोज दोन आठ बसवले तर पंधरा दिवसांत गाणं पायाखाली येतं. महिना हातात असेल तर उरलेले दिवस स्टेप्स साफ करायला मिळतात आणि खरी मजा त्याच दिवसांत असते. पूर्ण व्हिडिओ एकदम पाहिला की डोंगर दिसतो. आठ-आठ चढायला लागलं की पायऱ्या दिसतात.

दरवेळी जीव तोडून नाचलं तरच सराव होतो, हाही एक पक्का समज. अनुभवी नर्तक ज्याला मार्किंग म्हणतात, त्यात स्टेप अर्ध्या ताकदीने, कधी नुसत्या हाताच्या खुणेने करायची असते. २०१३ मध्ये बॅले नर्तकांवर झालेल्या अभ्यासात मार्किंग करून सराव केलेला भाग नंतर पूर्ण ताकदीने अधिक चांगला सादर झाला. डोक्यावरचा भार कमी झाला की क्रम पक्का होतो. झोपेचाही यात वाटा आहे. बोटांच्या हालचालींचा क्रम शिकणाऱ्यांवर २००२ मध्ये झालेल्या प्रयोगात रात्रीच्या झोपेनंतर वेग वाढलेला दिसला. रात्री अडलेली स्टेप सकाळी आपसूक बसते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. ‘अंगवळणी पडलं’ असं आपण म्हणतो, पण ही आठवण स्नायूंत साठत नाही. ती मेंदूत साठते.

व्हिडिओचा वेग कमी केला की काहीही शिकता येतं, हे अर्धसत्य आहे. हात, खांदे, पावलं यांना ते लागू पडतं. उडीला नाही. अर्ध्या वेगात तुम्ही हवेत दुप्पट वेळ थांबू शकत नाही, तो वेळ पृथ्वी ठरवते. उडी आणि गिरकी वेगळी काढून खऱ्या वेगाच्या जवळच शिकावी लागते. शिवाय पडद्यावर दिसतं ते सगळं शरीराने केलेलं असतं असंही नाही. मायकेल जॅक्सन ‘स्मूथ क्रिमिनल’मध्ये ताठ शरीराने जवळजवळ ४५ अंशांत पुढे झुकतो. चित्रीकरणात त्यासाठी तारा होत्या. रंगमंचासाठी टाचेत खाच असलेले खास बूट बनवले आणि १९९३ मध्ये त्यांचं पेटंट मिळालं. चंदीगडच्या पीजीआयमधल्या मेंदूशल्यचिकित्सकांनी २०१८ मध्ये यावर लेख लिहिला. कसलेला नर्तकसुद्धा आधाराशिवाय फार तर २५-३० अंश झुकू शकतो, असं त्यांनी त्यात म्हटलं आहे. तेव्हा घरात तो प्रयोग करू नका.

आरसा नसला तरी चालतं. समोर तोंड करून नाचणाऱ्याचा उजवा हात आपल्या डावीकडे दिसतो आणि घोटाळा होतो, म्हणून ‘मिरर’ केलेला व्हिडिओ शोधावा. स्वतःचा व्हिडिओ काढून पाहणं आरशापेक्षा जास्त शिकवतं.

राहिलं वय आणि बांधा. ‘अलबेला’ चित्रपट १९५१ चा. तेव्हा त्याचे नायक भगवानदादा ३८ वर्षांचे होते. गिरणी कामगाराचा हा मुलगा बुटका आणि अंगाने भरलेला होता, पण त्यांची ती सैल, लयदार पावलं आजही वरातीत लोक नकळत उचलतात. जपायचं ते गुडघ्यांना. फरशीवर मोजे घालून नाचू नका, बूट घाला. आधी पाच-सात मिनिटं अंग गरम करा. गुडघा आधीपासून दुखत असेल तर उड्यांच्या आधी डॉक्टरांना विचारा.

यंदा नाव द्यायचं मनात असेल तर निदान दीड महिना आधी गाणं ठरवा. आज रात्री ते लावा, खुर्चीवर बसूनच ‘एक’ शोधा आणि पहिला आठ बसवा.