शुद्ध कोडला शोधात मान किती?

वेबसाइटच्या तळाशी ‘वैध एक्सएचटीएमएल’ असा छोटा बिल्ला लावण्याची एके काळी मोठी हौस होती. टिम बर्नर्स-ली यांनी १९९४ साली स्थापन केलेल्या, वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये पान तपासायचे, एकही चूक निघाली नाही की बिल्ला लावायचा. २००० साली एक्सएचटीएमएल १.० आले आणि शिस्त आणखी कडक झाली. गूगलचा बोलबाला वाढत होता तो हाच काळ. शुद्ध कोड लिहिला की शोधात वरची जागा मिळते, ही समजूत तेव्हापासून टिकून आहे.

ती खरी नाही. व्हॅलिडेटरच्या चुका मोजून क्रमवारी लावत नाही, हे गूगलच्या मॅट कट्स यांनी आणि पुढे जॉन म्युलर यांनी जाहीरपणे सांगितले आहे. वेबवरची बहुतेक पाने सदोषच असतात. ती मागे टाकली तर उपयोगाची माहितीच लोकांना सापडणार नाही. शिवाय चुकलेले टॅग कसे वाचायचे, याचेही नियम एचटीएमएल५ ने घालून दिले आहेत.

पण सगळ्या चुका सारख्या नसतात. पानाच्या ‘हेड’ भागात शोधयंत्रासाठी सूचना असतात: मूळ पत्ता कोणता, इतर भाषांतल्या आवृत्त्या कुठे. तिथे एखाद्या जाहिरातीच्या कोडबरोबर आयफ्रेम किंवा चित्राचा टॅग आला, की हेड तिथेच संपला असे धरले जाते. खालच्या सूचना ‘बॉडी’त जाऊन पडतात आणि गूगल त्या विचारात घेत नाही. डोळ्यांना पान ठीकच दिसते, म्हणून बिघाड लवकर लक्षात येत नाही. ही एक चूक बाकीच्या शंभर इशाऱ्यांपेक्षा महाग पडते.

वेगाचा विचार गूगल करतो. २०२१पासून पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, ही अपेक्षा क्रमवारीच्या हिशेबात आली. पण अवजड चित्रांचे संथ पानही व्हॅलिडेटरमध्ये निर्दोष ठरू शकते.

मराठीने मात्र मानक न पाळल्याची किंमत फार मोठी मोजली आहे. लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला ठरावीक संकेत देणाऱ्या युनिकोड या मानकात देवनागरी १९९१पासून आहे. तरीही आपली वृत्तपत्रे पुढे कित्येक वर्षे स्वतःच्या फॉन्टमध्ये वेबवर छापत राहिली. पडद्यावर देवनागरी दिसे, आत मात्र रोमन अक्षरांचे संकेत असत. ‘दुष्काळ’ शोधणाऱ्याला दुष्काळावरचा अग्रलेख सापडत नसे, आणि संगणकात तो फॉन्ट नसेल तर समोर निरर्थक चिन्हांची रांग येई. त्या पानांचे टॅग कितीही शुद्ध असते, तरी शोधयंत्राच्या दृष्टीने तो मजकूर मराठी नव्हताच.

त्यातला जो मजकूर अजून कुणाच्या सर्व्हरवर उरला आहे, तो युनिकोडमध्ये आणता येतो. त्यासाठी परिवर्तक आहेत. रफार आणि जोडाक्षरे तपासायला मात्र मराठी जाणणारा मुद्रितशोधक बसवावा लागेल. नव्या वेबसाइटच्या सजावटीआधी वृत्तपत्रांनी या कामावर पैसा खर्च करावा.