निकालाची धास्ती आणि कष्टाची पुंजी

निवडणुका आल्या की पेठेत दोनच गोष्टींची चर्चा असते : सरकार कोणाचे येणार आणि शेअर्सचे काय होणार. अशा वेळी काहीजण सुताच्या बिलाचे पैसेही दलालाकडे नेऊन ठेवतात, आणि भाव कोसळले की घाबरून मिळेल त्या किमतीला विकून मोकळे होतात. म्हणून मागील काही निकालांच्या वेळी बाजार कसा वागला, हे पाहून ठेवलेले बरे.

१७ मे २००४ रोजी, केंद्रातील सत्ताबदलानंतर, मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक एका दिवसात ५६४ अंशांनी, म्हणजे ११ टक्क्यांहून अधिक घसरला. व्यवहार दोनदा थांबवावे लागले. निर्देशांक ४५०५ वर बंद झाला. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीस तो ६६०० वर होता. १८ मे २००९ रोजी उलट घडले. स्थिर सरकारच्या आशेने तो २११० अंशांनी उसळला आणि त्या दिवसाचा बाजारच बंद करावा लागला. ४ जून २०२४ रोजी तो ४३८९ अंशांनी पडला. तीनच दिवसांत, ७ जूनला, पडझडीपूर्वीच्या पातळीच्या वर गेला.

तेव्हा पडलेला बाजार नेहमी लगेच सावरतो असे समजावे काय? मुळीच नाही. एप्रिल १९९२ मध्ये, रोखे घोटाळा बाहेर येण्याच्या सुमारास, निर्देशांक ४४०० च्या पुढे होता. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तो ३००० च्याही खाली होता. शिवाय निर्देशांक सावरला तरी आपण घेतलेली कंपनी सावरेलच असे नाही.

यातून छोट्या व्यापाऱ्याने तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, कच्चा माल, मजुरी आणि भाडे यांचा पैसा शेअर्समध्ये घालू नये. तो पैसा महिन्याभरात लागतो, आणि बाजार आपल्या तारखेची वाट पाहत नाही. दुसरी, उसने घेऊन किंवा दलालाच्या उधारीवर खरेदी करू नये. त्यात व्याज तर आहेच, शिवाय भाव पडताच जादा रक्कम भरावी लागते. ती न भरल्यास दलाल आपला माल विकून टाकतो. तिसरी, शेअर म्हणजे धंद्यातील भागीदारी. कंपनी काय बनवते, तिच्यावर कर्ज किती, हे पाहिल्याशिवाय भागीदार होऊ नये. व्याज व मद्याचे धंदे टाळू इच्छिणाऱ्यांसाठी मुंबई शेअर बाजाराने २०१० मध्ये शरिअत निर्देशांकही सुरू केला होता.

पाच-सात वर्षे हात न लावता ठेवता येईल, तेवढीच रक्कम बाजारात असावी. मग निकालाच्या दिवशी दुकान बंद करून टीव्हीसमोर बसण्याची वेळ येणार नाही.